आज संध्याकाळी गाणं आहे!



डिसेंबर उजाडला की पुण्यात दोन गोष्टी हटकून एकाच सुमारास येतात. एक म्हणजे कॉलेजच्या परीक्षा आणि दुसरी म्हणजे सवाई गंधर्व महोत्सव. इकडे मुलांच्या टेबलावर जर्नलांची चळत लागलेली असते आणि तिकडे मुकुंदनगरच्या मैदानावर मांडव पडलेला असतो. मग घराघरांतून एकच संवाद ऐकू येतो. "शुक्रवारी गाण्याला जाऊ का?" "आणि सोमवारी परीक्षा आहे ती?"

तुम्ही म्हणाल, आमच्या गावात कुठे आलाय सवाई! खरे आहे. पण तुमच्या गावात दिवाळी पहाट असते, गणपतीतले गाणे असते, एखाद्या म्युझिक सर्कलची महिन्याची बैठक असते. आणि मुलांचे दिवस तर सगळीकडे सारखेच भरगच्च झालेले आहेत. सकाळी कॉलेज, दुपारी क्लास, संध्याकाळी लायब्ररी. अशा दिवसाच्या शेवटी मुलांनी गाण्याला जावे की नाही आणि जायचे तर घरातल्या बाईने त्याची आखणी कशी करावी, याविषयी आज बोलू या.

आमच्या घरी नणंदेची मुलगी शिकायला आहे. वन्संचे घर कऱ्हाडला. भाची एस. वाय. बी. एस्सी.ला, विषय रसायनशास्त्र. दुसऱ्याची मुलगी सांभाळणे म्हणजे काय, ते तुमच्यापैकी अनेकींना ठाऊक असेल. स्वतःच्या मुलीला एखादी गोष्ट करू दिली तर ती आपली हौस ठरते. भाचीला करू दिली तर तो आपला निष्काळजीपणा ठरतो!

तर या भाचीने शुक्रवारचे तिकीट काढले. तेही स्वतःच्या पैशाने. खालच्या मजल्यावरच्या दोन मुलांना ती आठवड्यातून तीनदा गणित शिकवते, त्या कमाईतून. भारतीय बैठकीचे तिकीट खुर्चीपेक्षा स्वस्त असते, ते तिने घेतले. प्रॅक्टिकलची परीक्षा होती सोमवारी. बातमी कऱ्हाडला पोचली आणि रात्री नऊ वाजता वन्संचा फोन आला.

"अगं, परीक्षा तोंडावर आली आणि गाणं कसलं सुचतंय तिला? रात्री दहा-दहा वाजेपर्यंत बाहेर! तू तरी सांगायचंस."

"वन्सं, मीही जाणार आहे तिच्याबरोबर. एकटी नाही जात ती."

"तू गेलीस म्हणून अभ्यास होणार आहे का तिचा? मला कुणी नेलं होतं का सवाईला? काही अडलं का माझं?"

या प्रश्नावर मी काय बोलणार? फोन स्पीकरवर होता आणि सासूबाई शेजारी वाती वळत बसल्या होत्या. त्यांनी कापूस खाली ठेवला आणि म्हणाल्या, "तुला नेलं नाही, ते माझ्या लक्षात आहे. भाऊ चौथीत होता, त्याला नेलं. तू नववीत होतीस. वयात आलेली मुलगी रात्रभर मांडवात कशी बसवायची, म्हणून तुला आजीजवळ ठेवली. आणि तुझा मुलगा इथे शिकायला होता, तेव्हा तो लागोपाठ दोन दिवस गेला. तेव्हा नव्हता बरं तुझा फोन आला."

पलीकडे बराच वेळ शांतता. मग वन्सं म्हणाल्या, "जर्नल पुरं झालं पाहिजे. अकराच्या आत घरी. आणि शनिवारी झोपून राहायचं नाही."

या तीन अटी मला अगदी रास्त वाटल्या. काळजी ही परवानगीची वैरीण नसते. काळजीला अटींचे रूप देता आले, की तिचे काम होते. नुसते "नको" म्हणण्याने मूल घरात बसते खरे, पण पुस्तकासमोर बसून मनाने मांडवातच असते.

आता हे सवाई म्हणजे नेमके काय, ते थोडे सांगते, कारण त्यात विद्यार्थ्यांच्या कामाची एक गोष्ट आहे. सवाई गंधर्व म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर. किराणा घराण्याचे मोठे गवई आणि संगीत रंगभूमीवरचे नावाजलेले नट. १९५२ साली ते गेले आणि १९५३ पासून त्यांचे शिष्य पंडित भीमसेन जोशी यांनी गुरूच्या स्मरणार्थ पुण्यात हा उत्सव सुरू केला. आर्य संगीत प्रसारक मंडळ तो भरवते. भीमसेनजी २०११ साली गेल्यावर गुरूच्या नावाशेजारी शिष्याचेही नाव जोडले गेले. म्हणजे हा उत्सव मुळात एका विद्यार्थ्याने आपल्या मास्तरांसाठी सुरू केलेला आहे. अभ्यासाचे आणि याचे वाकडे असायचे कारणच नाही.

याच सवाई गंधर्वांची आणखी एक विद्यार्थिनी गंगूबाई हनगल. त्या हुबळीला राहत आणि गुरुजी कुंदगोळला. शिकण्यासाठी त्या हुबळीहून कुंदगोळला रेल्वेने ये-जा करत. मुलीबाळीने गाणे शिकायला गाडीने प्रवास करायचा, हे त्या काळात लोकांना किती रुचत असेल, याची कल्पना करा. हिराबाई बडोदेकरांनी तिकीट लावून जाहीर मैफली करायला सुरुवात केली, तेव्हाही घरंदाज बाईने लोकांसमोर बसून गायचे ही गोष्ट नवी होती. या बायका आधी घराबाहेर पडल्या, म्हणून आज आपल्या मुली गाणे ऐकायला बाहेर पडू शकतात. गाणाऱ्या बाईला समाजाने जागा दिली. ऐकणाऱ्या मुलीला घराने द्यायची आहे, एवढेच.

असो. आता हिशेबाकडे वळू. कारण घर चालवणाऱ्या बाईला हिशेब मांडल्याशिवाय चैन पडत नाही!

मी भाचीला कागद-पेन्सिल घेऊन बसवले. सहा ते दहा गाणे, म्हणजे चार तास. जाणे-येणे दीड तास. एकूण साडेपाच तास. ऐकून तिचाच चेहरा उतरला. मग मी विचारले, "एरवी संध्याकाळी सहा ते साडेअकरा तू काय करतेस ते लिही. खरं खरं लिही हं." तिने प्रामाणिकपणे लिहिले. जेवण, भांडी आवरायला मदत, मैत्रिणीचा फोन, मोबाईलवर रील पाहणे, आजीबरोबर मालिका: अडीच तास. म्हणजे अभ्यासाचे खरे नुकसान किती? तीन तास. ते कुठून काढायचे? मंगळवार, बुधवार, गुरुवार, रोज एक तास. शुक्रवारची शिकवणी गुरुवारी घ्यायची. झाला हिशेब पुरा.

हे उसने आधी फेडायचे, ही यातली खरी किल्ली आहे. "गाणं ऐकून आल्यावर रविवारी भरून काढीन" असे मुले म्हणतात, तो रविवार कधी येत नाही. आधी फेडलेले असले की मांडवात बसताना मन मोकळे असते. नाहीतर समोर यमन चाललेला आणि डोक्यात टायट्रेशनची आकडेमोड!

शुक्रवारचा दिवस कसा गेला, तेही सांगते.

पावणेसहाला भाची उठली. सव्वासातला डबा घेऊन बाहेर. आठ ते अकरा प्रॅक्टिकल, मग दीडपर्यंत तासिका. जर्नलवर सही घ्यायची होती, पण सरांसमोर वीस मुलांची रांग. दोन वाजता एकदाची सही झाली. डबा तिने रांगेत उभ्याउभ्या खाल्ला. मग चारपर्यंत लायब्ररी. मी बजावले होते, की तीनला घरी येऊन अर्धा तास पड. ते काही जमले नाही. साडेचारला घरी आली ती तोंड धुऊन, चहा पिऊन, पाचला आम्ही निघालोच. मी त्या दिवशी सकाळच्या शाळेतून एकला घरी आले होते. संध्याकाळचा स्वयंपाक दुपारीच करून ठेवला होता. मऊ भात, आमटी आणि कोशिंबीर. सासूबाई आणि हे, दोघांना गरम करून घेण्यापुरते. हे म्हणाले, "कुकर लावायला येतो मला." मी म्हटले, "मग उद्याचा लावा!"

जाताना स्वारगेटपर्यंत मेट्रो आणि पुढे रिक्षा. निघताना सासूबाईंनी कपाटातून आपली जुनी पश्मिना शाल काढून भाचीच्या खांद्यावर टाकली. "रमणबागेत हीच असायची माझ्या अंगावर," एवढेच म्हणाल्या.

सासूबाईंच्या वेळचे सवाई निराळे. तेव्हा उत्सव रमणबाग शाळेच्या मैदानावर व्हायचा आणि गाणे रात्रभर चालायचे. शेवटच्या दिवशी पहाटे भीमसेनजी गायला बसत. पुढे ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायला बंदी झाली. वर्षातून ठरावीक दिवस तेवढी सरकार बारापर्यंत सूट देऊ शकते. त्यामुळे आता गाणे दुपारीच सुरू होते आणि बहुतेक दिवशी दहाला आटोपते. २०१८ पासून जागाही बदलली. मुकुंदनगरला महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर उत्सव होऊ लागला. जुन्या रसिकांना रात्र गेल्याची हळहळ आहे आणि ती खरीच आहे. मालकंस, दरबारी यांसारखे मध्यरात्रीचे राग आणि पहाटेचा ललित आता त्यांच्या वेळेला तिथे ऐकायला मिळणे कठीण झाले. पण दुसऱ्या दिवशी कॉलेज असलेल्या मुलीच्या आईला विचाराल, तर दहाला संपणारे गाणे हे वरदान आहे!

आणि संध्याकाळ काही गरीब नाही बरे का. आपल्या संगीतात रागांना वेळ नेमून दिलेली आहे, ती मुलांना आधी सांगून ठेवावी. दुपार कलताना भीमपलास, मुलतानी, पटदीप. दिवेलागणीला, दिवस आणि रात्र यांच्या सांध्यावर, मारवा, पूरिया धनाश्री, श्री. हे राग थोडे हुरहूर लावणारे. मग रात्रीच्या पहिल्या प्रहरात यमन, भूप, शुद्ध कल्याण. नऊच्या पुढे बिहाग, बागेश्री. सहाला मांडवात शिरून दहाला बाहेर पडणाऱ्याला दिवसाचे हे मावळणे आणि रात्रीचे चढणे सुरांतून अनुभवता येते. दिवसभर ट्यूबलाइटखाली असलेल्या मुलांना संध्याकाळ झाली हे कळते तरी कुठे?

आम्ही सतरंजी पसरून बसलो, तेव्हा तानपुरे जुळवणे चालले होते. भाची म्हणाली, "मामी, अजून सुरू का करत नाहीत?" मी म्हटले, "हेच ऐक." तानपुऱ्याला चार तारा. पहिली बहुधा पंचमात, मधल्या दोन षड्जात आणि शेवटची खालच्या षड्जात, खर्जात. घोडी आणि तार यांच्यामध्ये सुताचा धागा सरकवत सरकवत एक जागा अशी सापडते, की तार एकदम गुंजायला लागते. त्याला जवारी म्हणतात. तो क्षण तिने पकडला. "आत्ता आवाज मोठा झाला!" म्हणाली. आवाज तेवढाच होता, भरीव झाला होता.

गाणे सुरू झाले. विलंबित ख्याल. एकतालाच्या बारा मात्रा इतक्या सावकाश, की पुढची मात्रा येणार की नाही असे वाटावे. एकेक स्वर घेऊन, त्याच्याभोवती फिरून, मग पुढच्या स्वराला हात घालायचा. याला बढत म्हणतात. पहिली पंधरा मिनिटे भाचीचा हात दोनतीनदा पिशवीतल्या मोबाईलकडे गेला आणि परत आला. आणि मग काय झाले? मान कलली आणि बाईसाहेब शालीत गुडूप! दुपारची विश्रांती बुडाली होती ना. मी कोपराने हलवणार, तोच शेजारच्या आजी म्हणाल्या, "झोपू दे गं. सुरात झोप लागली तर काही बिघडत नाही. द्रुत आलं की उठेल."

आणि तसेच झाले. दहा-बारा मिनिटांनी त्रिताल सुरू झाला, तबल्याने वेग घेतला आणि ती डोळे चोळत उठून बसली. मग मी तिच्या बोटांवर ताल धरून दाखवला. सोळा मात्रा, पहिलीवर सम, नववीवर खाली. शाळेत ऐच्छिक संगीताच्या तासाला मी बसत असे, तेव्हाचे एवढेच येते मला. चार-पाच आवर्तने तिची चुकली. मग एकदा गवयांची तान फिरत फिरत येऊन समेवर पडली आणि हिचे बोटही नेमके त्याच वेळी मांडीवर पडले. सगळ्या मांडवाने मान हलवली, त्यात तिचीही मान हलली. मला म्हणाली, "मामी, सगळ्यांना आधीच माहीत होतं ना तिथे येणार म्हणून?" मी म्हटले, "हो. आणि तरी आनंद झाला की नाही?"

घरी मोबाईलवर हेच गाणे ऐकता आले नसते का? आले असते. पण घरी तिने ते पाचव्या मिनिटाला पुढे ढकलले असते. मांडवात पुढे ढकलायचे बटण नसते. चार तास एका जागी बसायचे, कंटाळा आला तर तो सोसायचा आणि सोसता सोसता कान उघडायची वाट पाहायची. मला शाळेत रोज दिसते, मुलांना अक्कल कमी नाही, थांबता येत नाही. जे अर्ध्या मिनिटात कळले नाही ते सोडून द्यायची सवय लागली आहे. एक ख्याल पाऊण तास चालतो आणि तो पाऊण तास वाया जात नाही, हे एकदा प्रत्यक्ष अनुभवलेले मूल पुस्तकाच्या कठीण पानाशीही थोडे जास्त थांबेल, अशी माझी आशा आहे.

आशाच म्हणते हं, खात्री नव्हे. गाण्याला गेल्यामुळे मार्क वाढले, असे लिहायला मला आवडले असते. पण तसे काही झाले नाही. प्रॅक्टिकलला एरवी मिळतात तेवढेच मिळाले. कमी मात्र झाले नाहीत. गाणे हे बदामासारखे बुद्धीसाठी खायचे नसतेच. मार्कांसाठी गाण्याला पाठवले, तर तोही आणखी एक क्लास होऊन बसेल.

दहाला संपले. गर्दी ओसरेपर्यंत पाच मिनिटे जागेवरच बसलो, रिक्षा केली आणि पावणेअकराला घरी पोचलो. तिने कऱ्हाडला "पोचलो" असा निरोप टाकला. वन्संचे उत्तर लगेच आले. म्हणजे त्या जाग्याच होत्या. "काय गायले?" एवढेच विचारले होते. भाची दार लावून बराच वेळ आईशी फोनवर बोलत बसली. मी घड्याळाकडे पाहिले आणि पाहिले नाहीसे केले. शनिवारी ती साडेसातला उठली आणि नऊला टेबलाशी बसली.

आता थोडे कामाचे बोलू. तुमच्या घरातून कुणी असे भरल्या दिवसाच्या शेवटी गाण्याला निघणार असेल, तर एवढे लक्षात ठेवा.

एक, दिवस निवडू द्या. पाच दिवसांचा उत्सव असला तरी परीक्षेच्या दिवसांत एकच दिवस आणि तो मुलाने स्वतः निवडलेला. परीक्षेची आदली रात्र मात्र नको. त्याला अपवाद नाही.

दोन, झोपेला हात लावू नका. अठरा-वीस वर्षांच्या मुलांना सात ते नऊ तास झोप लागते आणि वाचलेले डोक्यात पक्के व्हायलाही झोपच लागते. गाण्याचा वेळ करमणुकीतून काढा, थोडा अभ्यासातून आधी उसना घ्या, पण झोपेतून काढू नका. दुपारी अर्धा तास पडायला मिळाले तर उत्तमच. नाही मिळाले तर काय होते, ते वर सांगितलेच!

तीन, परतीची सोय आधी ठरवा. शेवटची बस किंवा मेट्रो किती वाजता, बरोबर कोण, घ्यायला कोण येणार, हे निघण्यापूर्वी पक्के असावे. आणि हे नियम मुलगा आणि मुलगी दोघांना सारखेच ठेवा. मुलाने "येतो कधीतरी" म्हणून जायचे आणि मुलीने मिनिटामिनिटाचा हिशेब द्यायचा, हे मुलींच्या बरोबर लक्षात राहते. तीस वर्षे लक्षात राहते.

चार, कपडे. डिसेंबरात उघड्या मैदानावर रात्री चांगलाच गारठा पडतो. स्वेटर, पायमोजे आणि वरून शाल. बैठकीवर बसायचे तर घडी घातलेली सतरंजी आणि पाठीला छोटी उशी. सिंथेटिक ओढण्या आणि किणकिणाऱ्या बांगड्या घरी.

पाच, मोबाईल बंद करून पिशवीच्या तळाशी. फोटो एक, तोही गाणे सुरू होण्यापूर्वी.

सहा, खाणे. बाहेरचे पदार्थ आत चालतात का, ते तिकिटावर पाहून घ्या. चालत नसतील तर निघण्यापूर्वी पोटभर खाऊन निघा, किंवा मधल्या सुट्टीत बाहेर येऊन खा. बरोबर न्यायचे तर ते गळणारे, कुरकुरणारे आणि वास सुटणारे नसावे. आलापी चालू असताना शेजारी कुणी चिवड्याची पिशवी उघडली, की काय वाटते ते ज्याचे त्यालाच ठाऊक! लसणीची चटणीही नको. शेजाऱ्यांवर दया करा. मी नेते त्या मेथीच्या दशम्या. कृती अगदी सोपी.

दोन वाट्या कणीक, दोन मोठे चमचे डाळीचे पीठ, एक वाटी बारीक चिरलेली मेथी, एक चमचा तीळ, अर्धा चमचा ओवा, हळद, तिखट आणि मीठ चवीप्रमाणे, एक छोटा चमचा साखर. दोन मोठे चमचे तेल कडकडीत तापवून मोहन घालावे. पाणी न घालता लागेल तसे दूध घालून पीठ मळावे आणि वीस मिनिटे झाकून ठेवावे. पोळीपेक्षा जराशा जाड दशम्या लाटून मध्यम आचेवर थोडे तेल सोडून भाजाव्यात. पुरत्या गार झाल्यावरच डब्यात भराव्यात, म्हणजे घाम धरत नाही. दोन वाट्यांच्या साधारण आठ-नऊ दशम्या होतात. बरोबर तिळाची कोरडी चटणी आणि गुळाचा खडा. थंडीच्या दिवसांत सकाळच्या दशम्या रात्रीपर्यंत मऊ राहतात.

आणि शेवटी, पुण्याबाहेरच्या मैत्रिणींसाठी. मोठ्या मांडवाचीच वाट पाहायला हवी असे नाही. मिरजेला मीरासाहेबांच्या दर्ग्यात खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांची समाधी आहे. सवाई गंधर्वांचे हे गुरू, १९३७ साली गेले. दर्ग्याच्या उरुसात दर वर्षी गवई तिथे येऊन सेवा म्हणून गातात आणि ऐकणारे जमिनीवर बसून ऐकतात. सांगली-मिरजेच्या बाजूला राहणाऱ्यांनी मुलांना तिथे जरूर न्यावे. येताना तिथली तानपुऱ्यांची दुकाने दाखवावीत. भोपळ्यापासून तानपुरा कसा होतो ते पाहून मुले थक्क होतात. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. आणि ज्यांच्या मुलांना रात्र झेपत नाही, त्यांच्यासाठी दिवाळी पहाट आहेच. पहाटे गाणे, मग फराळ आणि उरलेला सगळा दिवस अभ्यासाला मोकळा.

गावात असे काही होत नसेल, तर गाणे शिकवणाऱ्या एखाद्या बाई नक्कीच असतील. त्यांच्या गुरुपौर्णिमेच्या कार्यक्रमाला मुलांना घेऊन जा. तिथे सहावीतली मुलगी घाबरत घाबरत भूप गाते, मध्येच थांबते, पुन्हा सुरुवात करते. तेही समोरासमोरचे गाणेच. आणि हो, मुलांना नुसते सोडून येऊ नका. तुम्हीही बसा. भाजी एक दिवस न चिरता राहिली तर चालते.